कासव जगले, तरच तळे जगेल

महाराष्ट्रात कासवांच्या संवर्धनाचा विषय निघाला की डोळ्यांसमोर कोकणचा किनारा येतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम सुरू केले. पुढे गावकऱ्यांच्या सहभागातून तेथे कासव महोत्सव उभा राहिला आणि पिल्ले समुद्राकडे झेपावतानाचे दृश्य पाहण्यासाठी राज्यभरातून पर्यटक येऊ लागले. जानेवारी २०२२ मध्ये याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसविण्यात आले आणि तिचे नाव 'प्रथमा' ठेवले गेले. सागरी कासवांना मिळालेले हे प्रेम यथायोग्यच आहे. परंतु समुद्रापासून शेकडो कोस दूर, सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यातील तळ्यांत, ओढ्यांत, विहिरींत आणि भीमा-सीनेच्या डोहांतही कासवे पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. त्यांच्यासाठी महोत्सव भरत नाही. त्यांची दखल बहुधा ती मेलेली सापडल्यावर किंवा तस्कराच्या पोत्यातून निघाल्यावरच घेतली जाते.

कोरड्या मुलखातील पाणथळी

सोलापूर जिल्ह्यात सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही लहरी. त्यामुळे पाणी अडविण्याची, साठविण्याची परंपरा येथे जुनी आहे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या नावाशी जोडलेले शहरातील सिद्धेश्वर तलाव, धर्मवीर संभाजी तलाव म्हणजेच पूर्वीचा कंबर तलाव, इंग्रजी अमदानीत बांधलेला एकरुख अर्थात हिप्परग्याचा तलाव, गावोगावचे पाझर तलाव आणि १९८० मध्ये पूर्ण झालेले भीमेवरील उजनी धरण ही या परंपरेची ठळक ठाणी होत. ११७ अब्ज घनफूट साठवण क्षमतेच्या उजनीच्या फुगवट्यावर येणारे रोहित पक्षी सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्याच पाण्यात तळाशी वावरणाऱ्या कासवाकडे मात्र कोणाची दुर्बीण वळत नाही.

आपल्या संस्कृतीत कासवाला मान आहे. शिवमंदिरात नंदीसोबत दगडी कासव असते. गाभाऱ्यात जाण्यापूर्वी भाविक त्याला नमस्कार करतो. अवयव आत ओढून घेणारे कासव हे इंद्रियनिग्रहाचे प्रतीक मानले गेले. संतांनी तर कासवीच्या दृष्टीचा दृष्टांत अमर केला. ती केवळ नजरेने पिलांचे पोषण करते, ही त्यामागील भावना. प्राणिशास्त्र मात्र वेगळे सांगते. मादी काठावरच्या मातीत वा वाळूत खड्डा करते, अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पिलांची आणि आईची बहुधा कधी भेटही होत नाही. याचा अर्थ एवढाच, की ज्या काठाच्या उबेवर अंडी उबतात तो काठच कासवाच्या पिलांची खरी आई आहे. काठ गेला, तर आई गेली. संवर्धनाचा सारा प्रश्न येथून सुरू होतो.

कोण कोणते कासव?

गोड्या पाण्यातील आणि जमिनीवरील मिळून भारतात कासवांच्या तीसच्या आसपास जाती आहेत. सोलापूरच्या वाचकाने त्यांपैकी निदान चार-पाच ओळखायला हव्यात.

पहिले 'इंडियन फ्लॅपशेल'. आपल्या तळ्यांत सहजी दिसणारे हे कासव कातडीने झाकलेल्या, गुळगुळीत पाठीचे असते. पोटाच्या बाजूला मागील पायांवर झडपेसारखे मांसल पडदे असतात. पाय आत घेतले की ते पडदे मिटतात. गोगलगायी, बेडूक, मासे, पाणवनस्पती आणि मेलेले प्राणी, असे मिळेल ते ते खाते. दुसरे 'लिथचे मृदुकवच कासव'. हे द्वीपकल्पीय नद्यांचे मोठे कासव. त्याची पाठ दोन फुटांपर्यंत लांब होऊ शकते. या जातीचे शास्त्रीय वर्णन १८७२ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे यांनी पुण्याहून मिळालेल्या नमुन्यावरून केले. पुण्याच्या मुळा-मुठेचे पाणी भीमेला मिळते आणि तीच भीमा पुढे सोलापूर जिल्ह्यातून वाहते. म्हणजे भीमेच्या खोऱ्यातूनच हे कासव विज्ञानाला माहीत झाले. आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ते 'अतिसंकटग्रस्त' आहे.

तिसरे 'भारतीय काळे कासव'. टणक, गडद रंगाच्या पाठीवर तीन उंचवट्यांच्या रेषा असलेले हे कासव शांत पाण्यात राहते. चौथे 'तारा कासव'. पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले हे कासव पाण्यातले नव्हे, जमिनीवरचे आहे. त्याचे मूळ घर गुजरात-राजस्थान आणि दक्षिणेकडील राज्यांत. आपल्याकडे ते बहुधा तस्करीच्या वाटेने येते. पाचवे तर परदेशी पाहुणे, कानामागे लाल पट्टा असलेले अमेरिकी 'रेड इअर्ड स्लायडर'. मत्स्यालयाच्या दुकानात रुपयाएवढे दिसणारे हे पिल्लू काही वर्षांत ताटाएवढे होते. मग कंटाळलेला मालक ते जवळच्या तळ्यात, अनेकदा पुण्य म्हणून, सोडून देतो. जगातील सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत या कासवाचे नाव आहे. अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा यांसाठी ते स्थानिक कासवांशी स्पर्धा करते व रोगही पसरवू शकते.

हळू वाढणारा जीव

कासवाचा वंश पृथ्वीवर वीस कोटी वर्षांहून अधिक काळ टिकला. डायनासोर गेले, कासव राहिले. असे असताना आज जगातील सुमारे ३६० जातींपैकी निम्म्याहून अधिक जाती संकटात का आहेत? उत्तर त्याच्या जीवनक्रमात आहे.

कासव सावकाश वाढते, उशिरा वयात येते आणि दीर्घकाळ जगते. अंडी आणि पिल्ले यांचे बहुसंख्येने भक्ष्य होते; मुंगूस, कोल्हा, घोरपड, कुत्री, बगळे सारेच त्यावर जगतात. हे नुकसान निसर्गाने हिशेबात धरलेले आहे. एक मादी वर्षानुवर्षे अंडी घालत राहते आणि त्या साऱ्या अंड्यांतून शेवटी दोन-चार पिल्ले मोठी झाली तरी वंश चालतो. या हिशेबाची एकच अट आहे, ती म्हणजे मोठे कासव मरता कामा नये. माणूस नेमके मोठे कासवच उचलतो. मासांसाठी, पाळण्यासाठी किंवा अंधश्रद्धेपोटी एखाद्या तळ्यातून पाच-दहा प्रौढ माद्या नाहीशा झाल्या, तर ती उणीव भरून यायला अनेक वर्षे लागतात. मासळीसारखे 'यंदा कमी, पुढल्या वर्षी जास्त' असे कासवाचे नसते. शिवाय ते दीर्घायुषी असल्याने ऱ्हास चटकन दिसतही नाही. तळ्यात म्हातारी कासवे दिसत राहतात, पण पिल्ले दिसेनाशी होतात. लोकांच्या ध्यानात येते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

कासव गेल्याने माणसाचे काय जाते, असा प्रश्न कोणी विचारील. तळ्यातील मेलेले मासे, जनावरांचे अवशेष व कुजके पदार्थ खाऊन पाणी सडू न देणारा हा सफाई कामगार आहे. गंगा शुद्धीकरणाच्या योजनेत वाराणसीजवळ कासवे वाढवून नदीत सोडण्यात आली, ती याच गुणासाठी. कासव गोगलगायींची संख्या आटोक्यात ठेवते. त्यांतील काही जनावरांच्या रोगांच्या वाहक असतात. ज्या तळ्याचे पाणी गुरे पितात, ज्या नदीचे पाणी शहरे पितात, तेथे हे काम फुकट करून देणारा प्राणी गमावणे परवडणारे नाही.

गाळात निजलेला जीव

सोलापूरच्या संदर्भात एक धोका विशेष विचारात घेण्यासारखा आहे. त्याची चर्चा फारशी होत नाही. उन्हाळ्यात तळे आटू लागले की फ्लॅपशेल कासव तळाच्या किंवा काठच्या ओलसर गाळात स्वतःला पुरून घेते. हालचाल थांबवते, शरीराचे व्यवहार मंदावते आणि पावसाची वाट पाहते. याला ग्रीष्मनिद्रा म्हणतात. अवर्षणाच्या मुलखात तग धरण्याची ही त्याची हुकमी युक्ती.

आता याच दिवसांत माणूस तळ्यात काय करतो ते पाहा. तळे कोरडे पडते म्हणूनच एप्रिल-मेमध्ये गाळ काढण्याची कामे निघतात. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही राज्य शासनाची योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ पासून पुन्हा राबविली जाऊ लागली. साठवण क्षमता वाढावी आणि सुपीक गाळ शेतात पडावा, हा तिचा हेतू निर्विवाद चांगला आहे. सोलापूरसारख्या जिल्ह्याला तिची गरजही आहे. पण जेसीबीचे बकेट जो ओलसर थर उचलते, त्याच थरात कासव निजलेले असू शकते. ते पळू शकत नाही, ओरडू शकत नाही. गाळाबरोबर ट्रॅक्टरमध्ये भरले जाते आणि शेतात उन्हात पडून मरते, किंवा यंत्राखाली चिरडले जाते.

हा पाणी विरुद्ध कासव असा वाद नव्हे. दोन्ही साधता येतात. सगळे तळे एकाच हंगामात खरवडण्याऐवजी टप्प्याटप्प्याने गाळ काढावा; सर्वांत शेवटी ओल राहणारा भाग आणि काठाचा एक पट्टा त्या वर्षी सोडून द्यावा; काम सुरू करण्यापूर्वी मच्छीमार व गुराखी यांना विचारून कासवे कोठे दिसतात याची नोंद घ्यावी; आणि यंत्रचालकाला कासव सापडल्यास काम थांबवून वनविभागाला कळविण्याची सूचना द्यावी. या गोष्टींना फार पैसा लागत नाही. कामाच्या अंदाजपत्रकात एका ओळीची भर घातली तरी पुरते.

भीमेचे दुखणे

नदीतील कासवांची कथा अधिक बिकट आहे. पुणे व पिंपरी-चिंचवड या महानगरांचे सांडपाणी वाहून आणणाऱ्या नद्या उजनीच्या वर भीमेला मिळतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ नदीपट्टे प्रदूषित म्हणून नोंदविले; त्यांतील सर्वाधिक, म्हणजे ५३, महाराष्ट्रातील होते आणि भीमा त्यांत आहे. सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर जलपर्णी आणि शेवाळ माजते. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. कासव फुप्फुसाने श्वास घेत असल्याने ते लगेच गुदमरत नाही. पण त्याचे अन्न संपते आणि गाळात साठणारी विषारी द्रव्ये त्याच्या शरीरात वर्षानुवर्षे जमा होत राहतात. दीर्घायुष्य येथे वरदान न राहता शाप ठरते.

दुसरा घाव वाळूउपशाचा. भीमा आणि सीना या नद्यांची पात्रे वाळूसाठी कशी पोखरली गेली, हे नदीकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही. वाळूचे ढीग, बेटे आणि उतरते काठ हीच मृदुकवच कासवांची ऊन खाण्याची व अंडी घालण्याची ठिकाणे. वाळू गेली की उरतात खोल खड्डे आणि उभे, ढासळते काठ. तेथे मादीला वर चढता येत नाही. चंद्रभागेच्या ज्या वाळवंटात वैष्णवांचा मेळा भरतो, त्या वाळवंटाचे रक्षण हा भाविकांचा प्रश्न आहे तितकाच जलचरांचाही आहे. राज्य शासनाने २०१६ मध्ये 'नमामि चंद्रभागा' अभियान जाहीर केले, तेव्हा नदी निर्मळ करण्याची आकांक्षा व्यक्त झाली होती. निर्मळ नदीची खूण केवळ पाण्याच्या नमुन्याच्या अहवालात शोधून भागणार नाही. काठावर कासवाच्या पावलांची माग दिसते का, हीही एक चाचणी असायला हवी.

तिसरी गोष्ट पाण्याच्या आवर्तनांची. उजनीच्या खाली नदी आता स्वतःच्या लयीने वाहत नाही. शेतीसाठी आणि शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी औज बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडले जाते तेव्हा कोरडे पात्र अचानक भरते. ते थांबले की पुन्हा उघडे पडते. पात्रालगत घातलेली अंडी अशा अवेळी आलेल्या पाण्यात बुडू शकतात. धरणाच्या वरच्या बाजूसही स्थैर्य नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा उपयुक्त साठा संपून पातळी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. पाणी मागे हटले की जलचर थोड्याशा डबक्यांत एकवटतात आणि बारीक आसाच्या जाळ्यांना सोपे भक्ष्य मिळते. जाळ्यात अडकलेल्या कासवाला श्वासासाठी वर येता आले नाही, तर ते बुडून मरते.

सुशोभित, पण ओसाड काठ

शहरातील तळ्यांचे दुखणे निराळे आहे. तलाव सुशोभीकरण म्हटले की आपल्याकडे दगडी भिंत, काँक्रीटचा कठडा, फरशीचा पदपथ आणि रोषणाई एवढेच डोळ्यांपुढे येते. माणसाला फिरायला ते सोयीचे. पण पाण्यातून बाहेर येऊन मातीत अंडी घालू पाहणाऱ्या मादीसमोर ती अलंघ्य तटबंदी असते. तळ्यात कासवे दिसतात म्हणून ती तेथे सुखात आहेत असे नव्हे. काठाला माती नसेल तर ती त्या तळ्याची शेवटची पिढी असू शकते. त्यात निर्माल्य, प्लॅस्टिक, प्लास्टरच्या मूर्तींचे विसर्जन आणि भाविकांनी टाकलेले पाव-बिस्किटे यांची भर पडते. यावर उपाय अवघड नाही. काठाचा काही भाग उतरता, मातीचा व गवताळ ठेवावा, तेथे दिवे लावू नयेत, भटक्या कुत्र्यांना अटकाव करावा आणि पाण्यात ऊन खाण्यासाठी चार-दोन ओंडके वा खडक असू द्यावेत.

विहिरीत कासव सोडण्याची प्रथाही अशीच पुनर्विचार मागते. कासवाने पाणी स्वच्छ राहते, ही समजूत निराधार नाही. पण बांधीव, पायऱ्या नसलेल्या विहिरीत कासवाला ना ऊन मिळते, ना जोडीदार, ना अंडी घालायला जमीन. ते जगते, पण त्याचा वंश तेथेच संपतो.

नखांचा बाजार

कासवाचा सर्वांत लज्जास्पद शत्रू म्हणजे अंधश्रद्धा. 'वीस नखांचे कासव' घरात असेल तर गुप्तधन सापडते, पैशांचा पाऊस पडतो, अशा थापा मारून भोळ्या माणसांना लुबाडणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात वेळोवेळी पकडल्या गेल्या आहेत. यामागील वस्तुस्थिती साधी आहे. कठीण कवचाच्या तारा कासवाला सर्वसाधारणपणे पुढील पायांना पाच-पाच आणि मागील पायांना चार-चार, अशी अठरा नखे असतात. मृदुकवच कासवांना प्रत्येक पायाला तीनच. क्वचित एखाद्यास जास्त नखे असणे म्हणजे एखाद्या माणसाला सहावे बोट असण्यासारखे आहे. त्यात दैवी काही नाही. गुप्तधनाच्या शोधासाठी केली जाणारी अघोरी कृत्ये २०१३ च्या राज्य कायद्याने गुन्हा ठरविली आहेत.

तस्करीचा आवाका केवढा आहे याची कल्पना एका मोहिमेवरून यावी. वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने २०१६-१७ च्या हिवाळ्यात राबविलेल्या 'सेव्ह कूर्म' मोहिमेत देशात पंधरा हजारांहून अधिक जिवंत कासवे जप्त झाली होती. ही केवळ पकडली गेलेली.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार कासव पकडणे, मारणे, विकणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. शिकारीच्या व्याख्येत सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी व घरटी नष्ट करणेही येते, हे अनेकांना ठाऊक नसते. फ्लॅपशेल पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीने तारा कासवालाही चौथ्या अनुसूचीतून पहिल्या अनुसूचीत आणले. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंडाची तरतूद आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराबाबत, तारा कासवाला २०१९ मध्ये आणि भारताच्याच प्रस्तावावरून लिथच्या कासवाला २०२२ मध्ये 'साइट्स' कराराच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले. कायदा कडक आहे. उणीव आहे ती तो माहीत असण्याची आणि अंमलबजावणीची.

आपण काय करू शकतो?

रस्त्यावर कासव दिसले तर ते ज्या दिशेने निघाले आहे त्याच दिशेला, सुरक्षितपणे पलीकडे ठेवावे. ते उलट नेऊन सोडले तर पुन्हा रस्ता ओलांडायला निघते. कोरड्या पाठीचे, जाड खांबासारख्या पायांचे कासव दिसले तर ते भूचर समजावे आणि चुकूनही पाण्यात सोडू नये. ते बुडून मरेल. जखमी कासव किंवा तस्करीचा संशय असल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. घरी कासव पाळू नये. परदेशी कासव असेलच, तर ते तळ्यात सोडून पुण्य जोडण्याचा मोह टाळावा. जाळ्यात अडकलेले कासव मच्छीमाराने जिवंत सोडले, तर त्याची दखल ग्रामपंचायतीने व संस्थांनी घ्यावी. भीमाकाठच्या भोई-कोळी बांधवांइतके नदीचे ज्ञान कोणाला नाही. संवर्धनाची कोणतीही योजना त्यांना वगळून यशस्वी होणार नाही. वेळासला जे घडले ते गावकऱ्यांनी किनारा आपला मानला म्हणून घडले.

सोलापूर जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांनी आपल्या गावच्या तळ्यापुरती साधी नोंदवही सुरू केली तरी मोठे काम होईल. कोणते कासव, कोठे, कोणत्या महिन्यात दिसले, पिल्ले दिसली की नाही, काठ मातीचा आहे की सिमेंटचा, एवढ्याच नोंदी ठेवायच्या. पाच वर्षांच्या अशा नोंदींवरून कोणत्या तळ्यात कासवांचा वंश पुढे चालला आहे आणि कोठे तो खुंटला आहे, हे स्पष्ट कळेल. गाळ काढण्याचा, सुशोभीकरणाचा वा बंधाऱ्याचा पुढचा आराखडा मांडला जाईल, तेव्हा ती वही ग्रामसभेच्या टेबलावर असावी.

देवळात पाऊल ठेवताना आपण दगडी कासवाला हात लावून नमस्कार करतो. देवळाबाहेरच्या तळ्यातील जिवंत कासवाला नमस्काराची अपेक्षा नाही. त्याला हवा आहे तो थोडा मातीचा काठ, थोडी वाळू आणि उन्हाळाभर न खणलेला गाळ.